एका अंड्याचे रूपांतर

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, कादंबरीची होते, नाटकाची तर पहिल्याच प्रयोगाला मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता होते. त्या बटाटेवड्याची मात्र कोणी करत नाही. वास्तविक रोज सकाळी, न चुकता, बँक हॉलिडेलासुद्धा प्रकाशित होणारं एकच वाङ्मय आपल्या घरात असतं आणि ते म्हणजे नाश्ता. पण त्याचं परीक्षण आपण दोन वाक्यांत उरकतो. पहिलं वाक्य, "हं." दुसरं वाक्य, "आज पुन्हा पोहे?"

मी समीक्षक नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत क्लार्क आहे. हल्ली आमच्या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, पण काउंटरच्या पलीकडून येणारी हाक अजून "ओ साहेब, आणखी किती वेळ?" हीच आहे. समीक्षेशी माझा संबंध इतकाच, की आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात आणि दर नोव्हेंबरात त्यांच्या हयातीच्या दाखल्याचं काम मी करून देतो. ते हयात आहेत हे मी वर्षातून एकदा सिद्ध करतो. त्याची परतफेड म्हणून ते मला उरलेले अकरा महिने साहित्य समजावून सांगतात. व्यवहार म्हणून पाहिलं तर यात मी आजवर तोट्यातच होतो. पण गेल्या महिन्यात ते ज्ञान अचानक कामी आलं.

तर परीक्षणासाठी घेतलेली कृती : अंड्याचं गोल सँडविच. मूळ लेखक : हर्ब पीटरसन, सांता बार्बरा, कॅलिफोर्निया. मराठी रूपांतर : प्रस्तुत लेखक. स्थळ : डोंबिवली, दुसरा मजला, स्वयंपाकघर आणि (अंड्याच्या प्रवेशांपुरती) बाल्कनी. पात्रे : मी, बायको, आठवीतली कन्या आणि आई.

स्वतःच्याच कृतीचं परीक्षण स्वतः करू नये असा संकेत आहे, हे मला ठाऊक आहे. पण मित्राला चहा पाजून करवून घेतलेल्या परीक्षणापेक्षा हे निदान स्वस्त पडतं.

आता रूपांतराबद्दल बोलायचं तर आधी मूळ कृती पाहायला हवी. अमेरिकेत 'एग्ज बेनेडिक्ट' नावाचा एक खानदानी नाश्ता आहे. भाजलेल्या इंग्लिश मफिनच्या अर्ध्या चकतीवर मांसाची चकती, त्यावर उकळत्या पाण्यात अलगद सोडून शिजवलेलं बिनकवचाचं अंडं, आणि त्यावर लोणी व अंड्याचा बलक घोटून केलेला हॉलंडेझ नावाचा सॉस. हे खायला काटा लागतो, सुरी लागते, टेबल लागतं आणि मुख्य म्हणजे कुठेही वेळेवर पोचायचं नसावं लागतं. पीटरसन हे गृहस्थ मूळचे जाहिरातवाले. पुढे त्यांनी सांता बार्बराला मॅकडोनल्ड्सची दुकानं चालवायला घेतली. त्यांना हा बेनेडिक्ट फार प्रिय. पण तो हातात धरून, चालता चालता कसा खाणार?

त्यांनी १९७१-७२च्या सुमारास त्याचं रूपांतर केलं. सॉसच्या जागी चीजची एक स्लाइस टाकली. मांस म्हणून कॅनेडियन बेकनची गोल चकती घेतली. आणि अंडं मफिनच्या मापाचं गोल व्हावं म्हणून ते तव्यावर कड्यात फोडलं. त्यासाठी टेफ्लॉनचा थर दिलेल्या सहा कड्यांचा एक संचच बनवून घेतला. कंपनीचे सर्वेसर्वा रे क्रॉक चव बघायला आले तेव्हा त्यांचं नुकतंच जेवण झालं होतं, तरी त्यांनी दोन खाल्ली. या पदार्थाला 'एग मॅकमफिन' हे नाव मात्र पीटरसननी दिलं नाही, क्रॉकनीही दिलं नाही. ते सुचवलं पॅटी टर्नर या बाईंनी, कंपनीचे एक मोठे अधिकारी फ्रेड टर्नर यांच्या पत्नीने. क्रॉक यांनी १९७७ सालच्या आत्मचरित्रात तशी नोंद केली आहे. घरातल्या बाईचं नाव नोंदवहीत येण्याचा हा दुर्मिळ योग आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कॉमर्सच्या माणसाला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. ही दुकानं तोवर सकाळी अकराच्या सुमारास उघडत. म्हणजे भाडं चालू, तवे थंड, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे कॉफी पीत बसलेलं. आम्हाला कॉलेजात याला 'आयडल कपॅसिटी' म्हणायला शिकवलं होतं. पीटरसनच्या अंड्याने ती भरून काढली.

असो. आता या कृतीची आणि आमची गाठ कशी पडली ते सांगतो.

कन्येची एक परीक्षा होती. केंद्र मुंबईत, पोचायचं सकाळी आठाला. सहाची लोकल पकडून तिला केंद्रावर सोडलं आणि पुढचे तीन तास मी आणि बायको रस्त्यावर मोकळे. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण सकाळी आठ वाजता आम्ही दोघं, दोघंच, कुठे मोकळे उभे आहोत असं त्यापूर्वी घडल्याचं स्मरत नाही. समोर एक चकचकीत दुकान उघडं होतं. आत गेलो. दोन गोल अंड्याची सँडविचं आणि दोन कॉफ्या घेतल्या. बायकोने कागद उलगडला, दोन्ही हातांनी ते सँडविच धरलं, पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "किती छान आहे हो!"

वाचकहो, सोळा वर्षांत तिने मी केलेल्या कुठल्याही गोष्टीला 'किती छान' म्हटलेलं नाही. गृहकर्ज फिटलं तेव्हासुद्धा "बरं झालं" एवढंच म्हणाली होती. आणि बिल मी पाहिलं होतं. त्याच क्षणी माझ्या मनात दोन भावना एकदम दाटून आल्या. एक प्रेमाची आणि एक काटकसरीची. दोन्ही मिळून जो निर्णय झाला तो असा, की हे आपण घरी करायचं. येत्या रविवारी. आणि हिला नुसतं बसवून खायला घालायचं.

रूपांतर करण्यात कमीपणा काही नाही. मूळ लेखक स्वतःच रूपांतरकार होता, हे वर आलंच आहे. शॉच्या 'पिग्मॅलियन'ची पु. लं.नी १९७५ साली 'ती फुलराणी' केली तेव्हा कोणी नाक मुरडलं नाही. खुद्द त्या कंपनीने १९९६ साली भारतात पहिली दुकानं उघडली ती गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही वगळून. तेव्हा कॅनेडियन बेकनची भूमिका आमच्याकडे बटाट्याच्या कापांना द्यायची, हे मी परंपरेला धरूनच ठरवलं. गोल चकती, मीठ-तिखट लावून रव्यात घोळलेली, तव्यावर खरपूस परतलेली. चीजच्या भूमिकेत चीजच. ही स्लाइस मूळ संहितेतूनच जशीच्या तशी उचलता येते. तिच्यात पायसीकारक क्षार घातलेले असल्यामुळे ती गरम अंड्यावर तेल न सोडता एकसारखी वितळते. नाटकात काही नट असे असतात. कुठल्याही भाषेत उभे केले तरी वितळतात.

अडचण आली ती नायकाची. म्हणजे मफिनची. कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन मी "इंग्लिश मफिन आहे का?" असं विचारलं. त्याने टुटीफ्रुटी लावलेला कपकेक पुढे केला. मी म्हटलं, हा नव्हे, इंग्लिश. तो म्हणाला, "साहेब, हाच. वर बघा, नाव इंग्लिशमध्येच लिहिलंय."

लादीपाव घेऊन पाहिला. तो चौकोनी आणि स्वभावाने फार मऊ. अंड्याच्या वजनाने बसला. शेवटी कन्येने मोबाइलवर कृती शोधली आणि शनिवारी रात्री मी मैदा, दूध, यीस्ट, मीठ आणि चिमूटभर साखर असा चिकट गोळा मळायला घेतला. हा मफिन भट्टीत भाजत नाहीत. पीठ फुगलं की जाड चकत्या थापायच्या, रव्यात घोळवायच्या आणि अगदी मंद आचेवर तव्यावर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटं भाजायच्या. निवल्यावर सुरीने कापायच्या नाहीत, काट्याने टोचून टोचून फाडायच्या. म्हणजे आतून खडबडीत राहतात आणि त्या खळग्यांत लोणी साठतं.

आई हे सगळं खुर्चीतून पाहत होती. आई अंडं खात नाही, पण अंड्याच्या आसपास चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तिचं लक्ष असतं. ती म्हणाली, "अरे, ही तर मैद्याची भाकरी. फुगवायची राहिली म्हणून साहेबाने फाडून खाल्ली, एवढंच."

इतकी नेमकी समीक्षा मी आजवर वाचलेली नाही.

रविवारी सकाळी पहिला प्रयोग. आमच्याकडे अंड्यासाठी वेगळा तवा आहे आणि तो बाल्कनीत इंडक्शनच्या शेगडीवर चढतो. आजोबांच्या काळी अंडं उंबऱ्याबाहेर होतं, वडिलांच्या काळी ते बाल्कनीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. कडं म्हणून मी कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याची दोन्ही झाकणं कापून घेतली होती. पहिलं अंडं त्यात फोडलं आणि ते कड्याखालून, साडेपाच वाजता आमच्या शाखेतला स्टाफ जसा शटरखालून निसटतो तसं, चहूबाजूंनी निसटलं. दुसऱ्या वेळी शहाणपण आलं. कड्याला आतून तेल लावलं, तवा बेताचा ठेवला, कडं दाबून धरलं, आधी चमचाभर पांढरं सोडून कडेला थिजू दिलं आणि मग बाकीचं ओतलं. बलक सुरीच्या टोकाने फोडला, बाजूला चमचाभर पाणी टाकलं आणि वर झाकण. वाफेवर अंडं दोन-अडीच मिनिटांत वरून खालून सारखं होतं.

आणि झालं की हो! गोल, पिवळंपांढरं, मफिनच्या मापाचं. त्यावर चीज, काप, वर दुसरी चकती. मग ते बटर पेपरमध्ये गुंडाळून मिनिटभर तसंच ठेवायचं. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि मग तिथली चव येत नाही म्हणतात. कागदात कोंडलेल्या वाफेने मफिनचा कडकपणा जरा नरमतो आणि सगळी पात्रं एकमेकांना ओळखू लागतात.

आता समीक्षा. प्राध्यापक सांगतात, की मर्ढेकरांनी लयीचे तीन प्रकार मानले : संवाद, विरोध आणि समतोल. त्या कसोटीवर ही कृती घासून पाहू. चीज आणि लोणी यांच्यात संवाद उत्तम. खरपूस काप आणि मऊ अंडं यांच्यात विरोध चांगला. समतोल म्हणाल तर सँडविच एका हातात धरून खाताना फक्त दोनदा खाली सांडलं. म्हणजे रूपांतर यशस्वी. मी मनातल्या मनात पीटरसनना पत्रसुद्धा लिहिलं. ते २००८ साली वारले, म्हणून टाकलं नाही.

पण समीक्षेत प्रयोगाची वेळ आणि प्रेक्षागृहाची स्थिती यांचाही विचार करतात. तो करू लागलो आणि घोटाळा लक्षात आला.

कडं एक. अंड्याला चार मिनिटं. त्यात कडं धुणं, पुसणं, तेल लावणं धरा. पहिलं जमलेलं सँडविच मी मोठ्या थाटात बायकोपुढे ठेवलं. तिने ते उचललं आणि कन्येपुढे सरकवलं. "तिला क्लासला जायचंय." ठीक. मग आईचं, बिनअंड्याचं, काप आणि चीज घातलेलं. ते करायला मी आतल्या गॅसवर ठेवलेले काप करपायला लागले होते म्हणून बायको उठली. तिचं स्वतःचं सँडविच मी टेबलावर ठेवलं तेव्हा ती पहिल्या अंड्याने रंगवलेली बाल्कनीची फरशी पुसत होती. शेवटी माझं. मी हात धुऊन बसलो, कागद उलगडला, घास घेतला. चीज थिजलं होतं. मफिन चिवट झाला होता. अंडं कॅरम बोर्डाच्या स्ट्रायकरसारखं लागत होतं.

"हे तर गार झालं," मी म्हणालो.

बायको समोर बसून तिचं सँडविच खात होती. तेही गारच असणार. ती म्हणाली, "शेवटचं गारच असतं."

यात तक्रार नव्हती. आम्ही काउंटरवर व्याजाचा दर सांगतो ना, त्या सुरात तिने ते सांगितलं. आणि मग आई, जिला कोणी काही विचारलं नव्हतं, ती म्हणाली, "मी लग्नानंतर तव्यावरची गरम पोळी खाल्ली ती एकदाच. बाळंतपणाला माहेरी गेले होते तेव्हा. तुझ्या वेळी."

माझ्या जन्माचा कुणालातरी फायदा झाला होता, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्या रात्री मी सवयीने हिशोब मांडायला बसलो. अंडं, चीज, मैदा, लोणी, बटाटा, गॅस, वीज. नग एक, खर्च दुकानाच्या किमतीपेक्षा पुष्कळच कमी. मग 'मजुरी' हा रकाना आला आणि पेन थांबलं. माझे तास मी लगेच लिहिले. आपले तास माणसाला नेहमी पाठ असतात. बायकोचे? ती तर 'बसलेली' होती. फक्त "अगं, रवा कुठल्या डब्यात?" इथपासून "अगं, हे चिकटलं, आता काय करू?" इथपर्यंत मी तिला चौदा वेळा हाक मारली होती. शिवाय फरशी, काप आणि शेवटी ओट्यावर साठलेली अकरा भांडी. हे सगळं कुठल्या खात्याला नावे टाकायचं? बँकेत ज्या रकमेचा धनी ठरत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवतो आणि ऑडिटर येण्याआधी निकालात काढतो. घराच्या वह्यांत मात्र असं एक सस्पेन्स खातं आहे, की पिढ्यान् पिढ्या रक्कम पडते आहे आणि ऑडिटर काही आलेला नाही.

अर्थशास्त्राच्या पेपराला आम्हाला पिगू नावाचे एक इंग्रज अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२० साली एक मासलेवाईक मुद्दा मांडला होता. एखाद्याने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न तेवढं घटतं. कारण काम तेच राहतं, पगार तेवढा बंद होतो. परीक्षेत मी यावर पाच मार्कांची टीप लिहिली होती आणि चार मार्क मिळवले होते. कापलेला एक मार्क कशाचा, ते आता लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला विचारलं, "त्या दिवशी दुकानात तुला नक्की काय आवडलं होतं?"

ती डाळ निवडत होती. म्हणाली, "आपला नंबर लागला, ट्रे मिळाला, बसलो. गरम होतं. आणि खाऊन उठलो ते सरळ बाहेर. मागे वळून बघायचं काही नव्हतं."

"अगं, पण चव?"

"चव?" तिने जरा आठवून पाहिलं. "अंड्यासारखीच असेल की हो. आता लक्षात नाही."

मी तळमजल्यावर गेलो आणि प्राध्यापकांना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "तुम्ही संहितेचं भाषांतर केलंत. प्रयोगाचं राहिलं."

वर येऊन मी मूळ कृती पुन्हा मनाशी वाचली, आणि तेव्हा कुठे ती सहा कडी दिसली. कडं हे अंडं गोल करण्यासाठी असतं, असं मी समजून चाललो होतो. गोल करायला एक पुरलं असतं. सहा कशाला? सहा अंडी एकदम व्हावीत म्हणून. दुकानदाराला ती घाई गल्ल्यासाठी होती, हे मला कळतं. धर्मादाय म्हणून कोणी कडी बनवत नाही. पण परिणाम असा, की काउंटरवर आलेल्या सहाही माणसांना गरम मिळतं, आणि त्यात एखादीची मुलगी परीक्षेला बसलेली असेल तर तिलाही. ही सोय आमच्या स्वयंपाकघरात सोळा वर्षांत झाली नव्हती. आईच्या स्वयंपाकघरात त्याआधी कधीच झाली नव्हती.

स्टेशनजवळ एक ग्रिलवाला आहे. त्याच्याकडे जाऊन मी स्टीलच्या पाइपचे चार सारखे तुकडे मागितले. "कशाला?" म्हणाला. "अंड्यासाठी," म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पैसे आगाऊ घेतले. तुकडे मात्र कानस मारून गुळगुळीत करून दिले.

पुढची अडचण शास्त्रीय होती. बाल्कनीतली इंडक्शन शेगडी मधल्या वर्तुळापुरतीच तापते. चार कडी मावतील असा मोठा तवा तिच्यावर ठेवला तर मधलं करपतं आणि कडेचं कच्चं राहतं. त्याला गॅसची मोठी शेगडीच हवी. म्हणजे अंडं स्वयंपाकघरात यायला हवं. मी हा विषय आईसमोर काढणारच नव्हतो. मुकाट्याने बाल्कनीत तवा फिरवत बसलो होतो. आई आतून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "तिथे चौघांचं एकदम व्हायचं नाही. आण आत."

मी पाहतच राहिलो.

"आण म्हटलं ना. नंतर ओटा पुसून घे. तू घे. ती नव्हे."

आमच्या घराण्यात अंडं तीन पिढ्यांत उंबऱ्यापासून बाल्कनीपर्यंत पोचलं होतं. उरलेली सात पावलं ते त्या रविवारी एका मिनिटात चाललं.

दुसरा प्रयोग. मफिन आदल्या रात्री भाजून ठेवले होते. सकाळी फाडून, तव्यावर शेकून, लोणी लावून फडक्यात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात. काप आधीच तयार, वेगळ्या तव्यावर. आईचं सँडविच पहिलं बांधून कागदात ठेवलं. मग मोठ्या तव्यावर चार कडी, चार अंडी. एक बायकोचं, एक माझं, दोन कन्येची, कारण तिचं वय क्रॉकसाहेबांसारखं खाण्याचं आहे. रव्याचा डबा मी शनिवारीच शोधून ठेवला होता. हाक एकही मारली नाही. म्हणजे एकदा मारली, पण ती "चला, बसा" अशी होती.

चौघं बसलो. चारही कागद एकदम उलगडले आणि चारांतूनही वाफ आली. आमच्या टेबलावर असं दृश्य मी पाहिलेलं नव्हतं. मफिन जरा वाकडे होते. दोन अंडी गोल, एक लंबगोल आणि एक, ग्रिलवाल्याच्या तुकड्यात काही दोष नसताना, त्रिकोणी. बायको दोनदा उठू लागली. कशासाठी ते तिलाही सांगता येईना. दोन्ही वेळा कन्येने तिचा हात धरून बसवलं. तिसऱ्यांदा ती उठली नाही. दोन्ही हातांनी सँडविच धरून तिने घास घेतला. मी परीक्षेच्या निकालासारखा तिच्या तोंडाकडे पाहत होतो. डोळे काही मिटले नाहीत. तिने शांतपणे चावलं, विचार केला आणि म्हणाली,

"मीठ कमी आहे. आणि अंडं खालून जरा करपलंय."

सोळा वर्षं मी त्या टेबलावर समीक्षक म्हणून बसत आलो. 'हं' म्हटलं, 'पुन्हा पोहे?' म्हटलं. समीक्षा करायला आधी गरम असताना बसून खायला मिळावं लागतं, ही साधी पूर्वअट कुठल्या ग्रंथात मला आढळली नव्हती. आता पलीकडच्या बाजूने परीक्षण आलं आणि ते चक्क दोन वाक्यांचं, सकारण, उदाहरणासहित होतं. माझ्यापेक्षा सरस.

"पोह्यांची सर नाही," आई म्हणाली. पण तिच्या कागदात चुरासुद्धा उरला नव्हता.

मी मीठ आणायला उठलो. परत येईपर्यंत माझं सँडविच निवलं होतं. चालायचंच. प्रयोगाला कोणीतरी विंगेत लागतंच. आमच्याकडे आता फक्त पाळ्या लावायच्या ठरल्या आहेत.